मावशी, बांगडा आता जाळीला चिकटत नाही

मावशी, नमस्कार.

नावाने तुम्ही मला ओळखत नाही. 'डोकं काढून द्या'वाला म्हटलं की आठवेल. अंधेरी पश्चिमेला बाजाराच्या गल्लीत तुमची पाटी असायची. बुधवारी आणि शुक्रवारी ऑफिसातून येताना सातच्या सुमाराला तुमच्यापुढे उभा राहायचो, पापलेटचा भाव विचारायचो, ऐकून गप्प व्हायचो आणि बांगड्याचा एक वाटा घेऊन जायचो. (तेव्हा नुकताच, २०२३ च्या सप्टेंबरात, पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला होता. तुम्ही म्हणाला होतात, "राज्याचा झाला, म्हंजे आता तुझा नाय." खरंच नाही झाला.)

गेले काही महिने तुमच्या जागी तुमची सून बसते. गुडघ्यांमुळे तुम्हाला वर्सोव्याहून येणं जमत नाही म्हणाली. म्हणून हे पत्र तिच्याकडे देतोय. आणि उघडं लिहितोय, कारण आमच्या इमारतीतले तीन-चार जण रात्री वास आला की "आज काय?" म्हणून विचारतात. मग मी तुमचंच सांगितलेलं त्यांना सांगतो, पण श्रेय मला मिळतं. ते बरोबर नाही.

ती संध्याकाळ तुम्हाला आठवणार नाही, मला चांगली आठवते. नोव्हेंबरात रक्त तपासलं होतं. एचबीए१सी ६.२. हा आकडा म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा गोषवारा असतो. ५.७ च्या खाली ठीक, ६.५ पासून मधुमेह, आणि मी मधल्या पट्ट्यात, पण पलीकडच्या काठाला. डॉक्टर म्हणाले, चाला, भात कमी करा, तळलेलं बंद. मी तुमच्याकडे आलो तो निरोप घ्यायलाच आलो होतो. खरं सांगतो, मासे बंद झाल्याचं दुःख तुम्हाला सांगावं एवढंच मनात होतं. म्हटलं, "मावशी, आता येणं होणार नाही, तळलेलं बंद सांगितलंय."

तुम्ही दुसऱ्या गिऱ्हाइकाचे बोंबील साफ करत होतात. मान वरही न करता म्हणालात, "तलायचं बंद सांगितलं ना? म्हावरं कुटं बंद सांगितलंय?"

मी म्हटलं, म्हणजे काय करायचं, उकडून खायचे?

"भाजून खा की! आमच्याकडं रोज कोन तलतो? तेल काय फुकट येतं?"

मावशी, मी पंचेचाळीस वर्षं मुंबईत मासे खाल्ले आणि हे मला ठाऊक नव्हतं. मासा म्हणजे आमटी, नाहीतर रवा लावून तळलेली तुकडी, एवढीच माझी अक्कल. ती हॉटेलच्या थाळीने दिलेली आणि आमच्या घरच्या रविवारांनी पक्की केलेली. तुमच्या घरी तळलेला मासा पाहुण्यांना आणि सणाला. रोज कालवण, आणि चूल पेटलेलीच असली तर निखाऱ्यावर एखादा बांगडा. ज्याला मी पथ्य समजून तोंड पाडून बसलो होतो, ते तुमचं साधं रात्रीचं जेवण होतं. मग तुम्ही माहेरची पोपटी सांगितलीत. रेवदंड्याकडे जानेवारीत मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मधे अंडी, बटाटे, पुन्हा वरून पाला, मडकं उपडं आणि भोवती जाळ. "त्यात तेल बी नाय, पानी बी नाय. तरी सगला गाव खातो ना?" वर बोट नाचवून मला विचारलंत, जणू तेलाची बाजू घेऊन मीच भांडायला आलो होतो.

आणि त्या दिवशी तुम्ही बांगड्यांची डोकी काढायला नकार दिलात. कोयता बाजूला ठेवलात. "डोकं ठेव. उलटताना धरशील कशाला?"

आता पहिल्या प्रयत्नाची हकिगत. ती तुम्हाला मी कधी पूर्ण सांगितली नाही, लाज वाटली. लोखंडी शेगडी आणली, वर जाळी, गॅलरीत मांडली. कोळसे पेटले, छान ज्वाळा आल्या, आणि मी त्या ज्वाळांवरच बांगडे ठेवले. दोन मिनिटांत बाहेरून काळे झाले. उलटायला गेलो तर कातडी सगळी जाळीला आणि माझ्या चिमट्यात नुसतं गुलाबी मांस, तेही मधे कच्चं. बांगडा मुळातच तेलाचा मासा. त्याची चरबी निखाऱ्यावर टपकली की भपकन जाळ उठे. वरच्या मजल्यावर चादरी वाळत होत्या. पुढचं तुम्ही समजून घ्या. सोसायटीच्या फलकावर 'गॅलरीत धूर करू नये' अशी सूचना लागली, नाव न घेता, पण सगळ्यांना नाव कळेल अशा बेताने. त्या रात्री आम्ही अंड्याची पोळी खाल्ली.

शुक्रवारी आलो तेव्हा तुम्ही न हसता सगळं ऐकलंत. मग हसलात. आणि एकेक विचारलंत. मासा पुसला होतास? नाही. जाळी आधी तापवली होतीस? नाही. मसाल्यात पाणी होतं? हो. "मग चिकटंल नाय तर काय!"

तेव्हापासून असंच करतो. बांगडा धुतला की फडक्याने कोरडा करायचा, पोटातूनसुद्धा. दोन्ही अंगांना तीन-तीन तिरक्या चिरा, काट्याला लागेपर्यंत. मीठ, हळद, आणि आलं-लसूण-हिरव्या मिरचीचं वाटण, पण घट्ट, पाणी न घालता वाटलेलं; ते चिरांत बोटाने भरायचं, अंगावर थापायचं नाही, कारण बाहेरचं आधी करपतं. आंबटाला कोकमाचं आगळ, एका माशाला चमचाभर. मी एकदा जास्त चांगलं होईल म्हणून सकाळीच लावून ठेवून ऑफिसला गेलो, तर रात्री मांस भुसभुशीत. आंबट लावून पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली. कोळशाच्या ज्वाळा बसू द्यायच्या, त्यावर राखेची पांढरी साय धरली की मग जाळी ठेवायची, ती सणसणीत तापू द्यायची, अर्ध्या कांद्याला तेल लावून तिच्यावर फिरवायचा. इथे जे काय तेल लागतं तेवढंच. आणि मासा ठेवला की हात बांधून बसायचं. हे मला सगळ्यात जड गेलं. पण तुमचं वाक्य पाठ आहे: "त्यो तयार झाला की सोताच सुटतो. तू खेचू नको." खरंच सुटतो! पाचेक मिनिटांनी चिमटा खालून सरकवला की जाळीच्या रेघा उठलेला अख्खा बांगडा उचलला जातो, डोक्याला धरून.

पहिल्यांदा असा सुटला तेव्हा मी बायकोला गॅलरीत बोलावून दाखवला. ती जळगावची. तिने पाहिलं आणि म्हणाली, "आमच्याकडे वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात, त्याचं कौतुक तुम्ही पंधरा वर्षांत केलं नाही." तिचंही बरोबर आहे. त्यामुळे सोमवार-गुरुवारी शेगडी तिची. वांग्याला सुरीने टोचून त्यात लसणाच्या पाकळ्या खोचते, निखाऱ्यावर ठेवून देते, साल तडकेपर्यंत बघतही नाही. ठेचा, कांद्याची पात, ज्वारीची भाकरी. कधी रताळी, कधी पावसाळ्यात मक्याची कणसं.

तुमचा मला खरा उपयोग झाला तो 'नाही' सांगण्यात. बोंबील जाळीवर टाकू का विचारलं तर कपाळाला हात लावलात. त्याच्यात पाणीच फार, वजनाखाली दाबून काढल्याशिवाय तो तव्यावरही धड राहत नाही. जाळीवर गळून निखाऱ्यात जाईल. त्याला केळीच्या पानात गुंडाळायचं, पान आधी आचेवरून फिरवून मऊ करायचं नाहीतर घडीवर फाटतं, आणि तव्यावर झाकण घालून दोन्हीकडून भाजायचं. शेगडी पेटवायचा कंटाळा येतो त्या रात्री आता हेच, आणि कोळशाचा धूर नसल्यामुळे वरच्या मजल्याशी संबंधही चांगले राहतात. सुरमईची तुकडी भाजून कोरडी पडते म्हटल्यावर म्हणालात, तिला लाव की चमचाभर तेल, चमच्याने कोन मरतो? आणि पावसात शेगडी घरात घेऊ का विचारलं तेव्हा मात्र ओरडलात. बंद खोलीत कोळसा नाही म्हणजे नाही, झोपलेला माणूस उठत नाही. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण गॅलरीचं दार लावून घेताना मला कानात तुमचा आवाज येतो, पुस्तकाचा नाही.

मासा पारखायलाही तुम्हीच शिकवलंत, आणि त्यात स्वतःचं नुकसान केलंत. कल्ले उघडून लाल आहेत का बघ, डोळा फुगीर आणि चकचकीत, पोट बोटाने दाबलं तर खड्डा राहता कामा नये. एका शुक्रवारी मी तुमच्याच पाटीतला बांगडा दाबला आणि खड्डा राहिला. मी काही बोललो नाही. तुम्ही तो माझ्या हातातून घेतलात, मागच्या टोपलीत टाकलात आणि म्हणालात, "आज मांदेली ने."

डॉक्टरांचं सांगायचं राहिलं. फेब्रुवारीत ५.९ आला, ऑगस्टमध्ये ५.७. सगळं बांगड्यामुळे झालं असं म्हणणार नाही. रोज चालतोय, रात्रीचा भात सुटलाय, आठच्या आत जेवतोय. पण रात्रीचं जेवण चवीचं नसतं तर हे तीन आठवड्यांच्या वर टिकलं नसतं, मी स्वतःला ओळखतो. पाच लिटरचा तेलाचा डबा आमच्या तिघांना पूर्वी महिना जेमतेम पुरायचा. आता दुसऱ्या महिन्याच्या अखेरीला तळ दिसतो. एक मोठा चमचा तेल म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी, आणि रवा तर तेल पिऊनच कुरकुरीत होतो; हा हिशोब डॉक्टरांनी कागदावर मांडून दाखवला तेव्हा मी मान डोलावली. पटला मात्र तुमच्या पाटीपुढे.

जून-जुलैत बोटी बंद, ६१ दिवस. त्या दिवसांत तुम्ही सुकं विकायला बसायचात आणि मी जवळा मागितला की विचारायचात, "ब्लडप्रेसर हाय का?" वडिलांना आहे. मग म्हणायचात, त्यांच्यासाठी धुऊन घे, वरून मीठ घालू नको. कुठलं दुकान गिऱ्हाइकाला असं विचारतं?

गेल्या नारळी पौर्णिमेला, मावशी, आम्ही तळलेले बोंबील खाल्ले. रवा लावून, भरपूर तेलात. तुम्ही म्हणाला होतात तसं, सणाला. फार छान झाले होते. लपवायचं नाही म्हणून लिहिलं.

सूनबाई चांगली आहे, पण घाईत असते. परवा तिने विचारायच्या आत डोकी उडवली. मी काही बोललो नाही, डोक्याशिवायचे बांगडे घेऊन आलो आणि उलटताना दोन निखाऱ्यात घालवले. तिला तेवढं तुमच्याकडून सांगा, माझं ऐकत नाही.

आणि एक विचारायचं आहे. माझ्या मुलीला मुशी आवडते. ती जाळीवर भाजता येते का, की तिचंही बोंबलासारखं पानातच करायचं? बुधवारी येईन तेव्हा सुनेकडे निरोप ठेवा. शेगडी तयार आहे, वरच्या मजल्यावरच्या चादरी साडेसातला आत जातात.

तुमचं गिऱ्हाईक,
'डोकं काढून द्या'वाला (आता 'डोकं ठेवा'वाला)