वारशाला वयाची अट का? सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मुंबईच्या रस्त्यांवरून नाहीशा होणाऱ्या रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या जतनाबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

२०२३ साली, दीड महिन्याच्या आत, मुंबईच्या रस्त्यांवरून दोन गोष्टी गेल्या. १५ सप्टेंबरला बेस्टची डिझेलवर चालणारी शेवटची डबलडेकर अंधेरी ते सीप्झ धावली आणि सेवेतून बाहेर पडली. ऑक्टोबर संपता संपता पद्मिनी टॅक्सीची मुदत भरली. डबलडेकरला हार घातले गेले, फोटो निघाले, पेपरात आठवणींचे लेख आले. चार दिवसांनी गणपती बसले आणि विषय मागे पडला.

त्या गाड्या परत आणा असं सांगायला हे पत्र लिहीत नाही. डबलडेकरला वर एक आणि खाली एक असे दोन वाहक लागत आणि तोट्यातल्या उपक्रमाला ते परवडत नव्हतं, हे समजतं. पद्मिनीचा (आम्ही तिला मरेपर्यंत फियाटच म्हणत राहिलो) कुर्ल्याचा कारखाना बंद पडून कित्येक वर्षं झाली होती, सुटे भाग मिळत नव्हते, आणि मे महिन्यात तिच्या दाराच्या पत्र्याला कोपर टेकवणाऱ्याला ती का गेली हे वेगळं सांगावं लागत नाही. नवी विजेवरची डबलडेकर मला आवडते. वरच्या मजल्यावर पुढच्या सीटसाठी पोरं अजूनही धावतात. फक्त तोंडावर वारा येत नाही, कारण काचा बंद असतात.

तक्रार वेगळी आहे. आपल्या कायद्यांत या वस्तूंना जागाच नाही, आणि ते सोपं गणित आहे. मुंबईत टॅक्सी वीस वर्षांची झाली की टॅक्सी म्हणून बाद. शेवटच्या पद्मिनीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची, म्हणून ती २०२३ मध्ये गेली. केंद्राने २०२१ साली जुन्या गाड्यांसाठी चांगला नियम केला : पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, तिला वेगळ्या मालिकेतला क्रमांक मिळतो. पण तो व्यावसायिक वाहनांसाठी नाही. आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे कुठलीही वस्तू 'पुरावस्तू' व्हायला शंभर वर्षं लागतात. हस्तलिखितांना पंचाहत्तर पुरतात. म्हणजे त्या शेवटच्या टॅक्सीने २०५३ पर्यंत कुठल्या तरी गॅरेजात दम धरायचा, तेव्हाही ती टॅक्सी होती म्हणून तिला दार बंद, आणि २१०३ मध्ये सरकार तिला पुरावस्तू म्हणायला तयार होणार. संस्थानिकांच्या रोल्स रॉइसला या वाटेने जाता येतं, कारण तिला सांभाळणारा मालक असतो. लाखो लोक ज्यात बसले ती गाडी मात्र वीस आणि पन्नासच्या मधल्या खड्ड्यात पडते.

मुंबईला वारशाची कदर नाही असं कोणी म्हणणार नाही. १९९५ मध्ये आपण वास्तू आणि परिसरांच्या जतनाची नियमावली केली आणि देशातल्या इतर शहरांनी ती नमुना म्हणून पाहिली. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती युनेस्कोच्या यादीत गेल्या. पण हे सगळं दगड-चुन्याचं आणि सिमेंटचं. जे जागचं हलतं, वाजतं, ज्याचं तिकीट फाडलं जातं, त्याला ना श्रेणी आहे ना समिती. ओव्हलच्या कडेची इमारत उद्याही तिथेच सापडेल. तिच्या समोरून जाणाऱ्या बसमधला आवाज सापडणार नाही.

आणि आवाजाचीच तर गोष्ट आहे. वाहकाच्या हातातला पंच लोखंडी दांड्यावर टकटक वाजायचा, त्यावरून गर्दीतही कळायचं की तो किती जवळ आला आहे. पत्र्याच्या पेटीत रंगीत तिकिटांचे गठ्ठे असत. दोरी ओढली की एक टोला थांबण्यासाठी, दोन टोले सुटण्यासाठी; 'डबल बेल' हा शब्द मुंबईतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. टॅक्सीचा मीटर डाव्या बाजूला, काचेबाहेर. चालक अंगावरून हात लांब करून तो पाडायचा, तेव्हा खण्णकन आवाज व्हायचा आणि मगच आपली टॅक्सी सुटली असं वाटायचं. उतरताना मीटरवरचा आकडा म्हणजे भाडं नव्हेच, तर दरपत्रकाचं कार्ड काढून त्यावरून खरं भाडं पाहायचं. नव्या पाहुण्याला फसवलं जातंय असं वाटायचं आणि त्याची समजूत घालता घालता घर यायचं. गिअरचा दांडा स्टेअरिंगला असल्याने पुढच्या सीटवर तिघे मावत. हे सगळं इलेक्ट्रॉनिक मीटर आणि तिकीट यंत्रं आली तेव्हाच निम्मं संपलं होतं. कुणी हार घातले नाहीत.

ट्रामचं काय झालं ते पाहा. ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ पासून ती विजेवर धावली आणि ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर ते दादर अशी शेवटची धाव घेऊन बंद झाली. जवळपास नव्वद वर्षं. फ्लोरा फाउंटनच्या डागडुजीत डांबराखालून तिचे रूळ निघाले तेव्हा सगळ्या शहराला नवल वाटलं. ज्या गोष्टीवर शहर तीन पिढ्या चाललं, तिचं नवल वाटावं? बेस्टने आणिक आगारात आपलं संग्रहालय उभं केलं, हे त्यांचे उपकार. पण संग्रहालयात ठेवलेली वस्तू आणि चालती वस्तू यांत फरक असतोच. जुन्या शिलाई मशीनवर एकदा टीप घातली की ते काय होतं हे कळतं, नुसतं पाहून कळत नाही.

सगळंच जपायला हवं असंही माझं म्हणणं नाही. व्हिक्टोरिया गेल्या, बरं झालं. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने घोडागाड्यांची मौजेची सफर बेकायदा ठरवली. भर दुपारी तापलेल्या डांबरावर उभे असलेले ते घोडे ज्यांनी पाहिले, ते व्हिक्टोरियांविषयी हळवं लिहिणार नाहीत. गिरणीच्या भोंग्याचंही तसंच. आपण तो आठवून गहिवरतो, पण ज्याला तो ऐकून पहाटे खाटेवरून उठावं लागे, त्याला विचारा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखं वाजलं नाही. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योग संग्रहालयाची घोषणा होऊन किती वर्षं झाली, हे आपल्या खात्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. एक साधा प्रश्न : एखाद्या गिरणीच्या भोंग्याचं नीट केलेलं ध्वनिमुद्रण सरकारच्या कुठल्या संग्रहात आहे? असेल तर कृपया जाहीर करावं, शेकडो लोक ऐकायला येतील.

मागणी छोटी आहे. राज्यात सार्वजनिक सेवेतली एखाद्या प्रकारची शेवटची गाडी किंवा यंत्र निवृत्त होणार असेल, तेव्हा त्यातलं एक चालू स्थितीत राखण्याची सक्ती करावी. त्यासोबत ते दुरुस्त करू शकणारा एक तरी मेकॅनिक आणि वर्षातून काही रविवार रस्त्यावर आणण्याची परवानगी असावी. केंद्राच्या व्हिंटेज नियमात सार्वजनिक वाहनांना जागा मिळावी यासाठी राज्याने पाठपुरावा करावा. आणि गाडी मोडीत जाण्याआधी तिचा आवाज, तिची चाल आणि ती चालवणारी माणसं यांचं चित्रण करून ते पुराभिलेख संचालनालयाकडे द्यावं. ते संचालनालय आपल्याच खात्यात आहे, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या सहीसाठी अडायला नको. जागा कुठे, हा प्रश्न येईल. एका बसला एका बसची जागा लागते.

यातलं माणसांचं काम सगळ्यात निकडीचं. वरच्या मजल्यावरच्या वाहकाला खालची पायरी दिसत नसताना दोघांचा मेळ कसा बसायचा, हे सांगणारे वाहक निवृत्त होऊन गावी गेले आहेत. सिनेमाची भव्य पोस्टरं हाताने रंगवणाऱ्यांचं काम फ्लेक्सने कधीच संपवलं. एम. एफ. हुसेन यांनीही उमेदीच्या काळात मुंबईत तेच काम केलं होतं, म्हणून त्यांच्या बाबतीत ते लिहून ठेवलं गेलं. बाकीच्यांचं कोण लिहिणार?

सुरुवात कुठून करायची तेही सुचवतो. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. त्यांचा पुनर्विकास सुरू आहे. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत आयुष्य काढलेल्यांना पाचशे चौरस फुटांचं घर मिळतंय, त्याला कुणीही आडकाठी करू नये. पण प्रत्येक इमारत पाडण्याआधी तिथे एक कॅमेरा आणि एक ध्वनिमुद्रक घेऊन माणसं पाठवा. सामायिक व्हरांडा, पाण्याच्या वेळेला लागलेली रांग, खोल्यांच्या दारांवरच्या पाट्या, मंडळाच्या कार्यालयातले जुने फोटो आणि अहवाल, जिन्याखाली झोपणारे पाहुणे, हे सगळं रहिवाशांच्याच तोंडून नोंदवा. एकदा कुटुंबं टॉवरच्या वेगवेगळ्या मजल्यांवर गेली की त्यांना गाठणं कठीण. म्हाडाला आपल्या खात्याचं एक पत्र गेलं, तर हे काम पुढची इमारत रिकामी होण्याआधी सुरू होऊ शकतं.

उत्तराच्या अपेक्षेत,

आपला,
बेस्टचा एक जुना प्रवासी

प्रत : मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य