‘सायलेंट’ पुरेसं नाही, काळोखही राखा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी पुण्यातल्या एका नाट्यगृहात दुपारचा प्रयोग पाहिला. नाटकाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार नाटकाबद्दल नाही. शेवटचा प्रसंग असा होता : म्हातारी आई घरात एकटी उरली आहे. खिडकीतून येणारं संध्याकाळचं ऊन उतरत चाललंय. तिच्या मांडीवर मुलाचा जुना स्वेटर आहे आणि ती त्याची वीण उसवायला लागते. संवाद नाही, संगीत नाही. उजेड विझतोय आणि दोन हात हलताहेत, एवढंच.

नेमक्या त्या वेळी माझ्या पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी फोन काढला. तो वाजला नव्हता. आधी किती वाजले ते पाहिलं असावं, मग एक मेसेज उघडला, मग आणखी एक. माझी नजर क्षणभर तिकडे गेली आणि परत रंगमंचाकडे वळवली तेव्हा मला तिथे काहीच दिसेना. डोळ्यांपुढे फोनच्या आकाराचा हिरवट चौकोन तरंगत होता. तो विरेपर्यंत पडदा पडला. आईने ती वीण शेवटपर्यंत उसवली, की मध्येच थांबून स्वेटर छातीशी धरला, हे मला आजही माहीत नाही.

बाहेर पडताना मी त्यांना गाठलं आणि शांतपणे सांगितलं. ते मनापासून चकित झाले. म्हणाले, “अहो ताई, सायलेंटवर होता की!” ते खोटं बोलत नव्हते. तिसऱ्या घंटेआधीच्या घोषणेत जे सांगितलं होतं, ते त्यांनी तंतोतंत पाळलं होतं. घरी येताना रिक्षात मी त्यांच्यावर चिडायचा प्रयत्न केला, पण जमेना. मग लक्षात आलं की चूक त्या घोषणेत आहे, आणि त्यासाठीच हे पत्र लिहिते आहे.

आपल्याकडे या विषयावर जेवढं बोललं गेलं, ते जवळजवळ सगळं आवाजाबद्दल. २०१९ च्या जुलैत सुबोध भावे यांनी समाजमाध्यमावर उद्वेगाने लिहिलं होतं, की विनंती करूनही मोबाईल वाजतच राहणार असतील तर यापुढे नाटकात काम न करणं हाच उपाय उरतो. त्याच वर्षी फोन वाजल्यामुळे सुमीत राघवन यांनी चालू प्रयोग थांबवला, त्याचीही खूप चर्चा झाली. त्या चर्चेचा उपयोग झाला, हे मान्य केलं पाहिजे. माझ्या अनुभवात तरी फोन वाजण्याचं प्रमाण तेव्हापेक्षा कमी झालं आहे. पण वाजणं थांबलं आणि उजळणं वाढलं. आवाज बंद केला की आपलं कर्तव्य संपलं, अशी समजूत होऊन बसली आहे.

मी नोकरी बँकेत केली, पण कॉलेजपासून जवळजवळ २५ वर्षं हौशी नाटकांचे लाइट्स सांभाळले. सुरुवात पुरुषोत्तम करंडकाने झाली. १९६३ पासून चालत आलेल्या या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेला भरत नाट्य मंदिरात जमणारा प्रेक्षक किती दंगेखोर, हे पुण्यात कुणाला सांगायला नको. ‘आव्वाज कुणाचा’च्या आरोळ्यांनी छप्पर हलतं. पण सभागृहातले दिवे उतरले की तीच पोरं श्वास रोखून बसत. लाइट्सच्या बोर्डावर हात ठेवून त्या काळोखात बसण्याइतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

प्रकाशयोजना म्हणजे दिवे लावणं, असं बऱ्याच जणांना वाटतं. निम्मं काम दिवे विझवण्याचं असतं. राज्य नाट्य स्पर्धेतल्या आमच्या एका नाटकात शेवटचा फेड आऊट, म्हणजे उजेड हळूहळू विझवत नेणं, ४० सेकंदांचा होता. उजेड कमी-जास्त करणारा डिमर हाताने ओढायचा. दिग्दर्शक शेवटच्या रांगेत घड्याळ घेऊन बसायचा, आणि ३० व्या सेकंदाला उजेड गेला की पुन्हा पहिल्यापासून. आठवडाभर माझं मनगट दुखत होतं. पण त्या आठवड्यात मला कळलं की फेडमधली शेवटची १० सेकंदं सगळ्यात मोलाची. दिवा १० टक्क्यांवर आला की प्रेक्षक नकळत पुढे झुकतो, नटाचा चेहरा डोळ्यांनी घट्ट धरून ठेवतो. अशा वेळी कुणाच्या हातात फोन उजळला, तर सभागृहातला सगळ्यात मोठा दिवा तो होतो. ब्राइटनेस कितीही कमी केलेला असला तरी.

यात डोळ्यांचाही हिशेब आहे. उजेडातून काळोखात गेल्यावर बाहुली लवकर मोठी होते, पण दृष्टिपटलावरच्या पेशींना काळोखाची पुरती सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात. कमावलेली ही नजर घालवायला एक क्षण पुरतो. फोन उघडणारा स्वतःचीही घालवतो आणि मागच्या दोन-तीन रांगांचीही. आवाज निदान येऊन जातो, फार तर एखादं वाक्य बुडतं. उजेडाचा डाग मात्र फोन खिशात गेल्यावरही डोळ्यांत राहतो.

नटांचं काय होतं, तेही सांगते. स्पॉटमध्ये उभ्या असलेल्या माणसाला सभागृह काळंच दिसतं. त्या काळोखात एक चेहरा खालून निळसर उजळलेला दिसतो, आणि त्याची मान खाली असते. आमच्या संस्थेतली एक मैत्रीण, जिने ३० वर्षं रंगमंचावर काम केलं, ती म्हणायची, “फोन वाजला तर मी क्षणभर थांबून वाक्य पुढे नेऊ शकते. पण तो चेहरा मला पूर्ण प्रवेशभर दिसत राहतो, त्याचं मी काय करू?” ब्लॅकआऊटमध्ये नट आणि बॅकस्टेजची मुलं रेडियमच्या चिमूटभर पट्ट्या बघून जागा शोधतात, पायऱ्या उतरतात, टेबलं उचलतात. त्या वेळी कुणी फोटो काढला आणि फ्लॅश उडाला, तर ती माणसं अक्षरशः आंधळी होतात. यात पाय मुरगळलेला मी पाहिला आहे.

‘जुन्या संगीत नाटकांत लोक वन्स मोअर घेत, एकच पद पुन्हा पुन्हा गायला लावत, मग आताच एवढी शिस्त कशाला,’ असा प्रश्न मला एका नातेवाइकांनी विचारला. मला त्या प्रेक्षकाबद्दल प्रेमच आहे. त्याचा सगळा दंगा नाटकाकडे तोंड करून होता. आजही कुणी मनापासून हसलं, हुंदका दिला, भर प्रवेशात टाळी दिली, तर मला आनंदच होईल.

जॅमर बसवा, अशी मागणी अधूनमधून होते. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय आपल्याकडे जॅमर वापरता येत नाही. आणि बसवला तरी तो सिग्नल अडवील, स्क्रीन विझवणार नाही. शिवाय प्रेक्षकांत डॉक्टर असतात, घरी आजारी माणूस ठेवून दोन तासांसाठी आलेल्या लेकी-सुना असतात. माझी आई अंथरुणाला खिळली होती, त्या दोन वर्षांत मीही अशीच नाटकं पाहिली. बुकिंगच्या खिडकीवर सांगून दाराजवळची, कडेची खुर्ची मागून घ्यायची आणि फोन व्हायब्रेटवर ठेवून मुठीत धरायचा. थरथरला की न बघता उठायचं, बाहेर लॉबीत जाऊनच उघडायचा. चार-पाच वेळा उठावं लागलं असेल. कुणाला त्रास झाला नाही आणि माझंही नाटक सुटलं नाही. चीनमधल्या काही नाट्यगृहांत फोन उघडणाऱ्यावर कर्मचारी लेझरचा ठिपका मारतात. उपाय लागू पडत असेलही, पण काळोख राखण्यासाठी आणखी एक उजेड सोडणं मला पटत नाही. प्रेक्षकाला असं चारचौघांत लाजवणंही नको.

नाट्यगृहांनीही काही गोष्टी मनावर घ्यायला हव्यात. पूर्वी उशिरा येणाऱ्याला डोअरकीपर घेऊन जात. बॅटरी जमिनीकडे, काचेवर बोटं धरलेली, त्यांच्या फटीतून पडेल तेवढाच उजेड. आता उशिरा आलेलं कुटुंब तीन-तीन फोनचे टॉर्च पेटवून, रांगा मोजत, लोकांच्या तोंडावर झोत टाकत जातं आणि अडवणारं कुणी नसतं. पहिला प्रवेश संपेपर्यंत त्यांना दाराशी थांबवावं. दोनदा थांबावं लागलं की माणसं वेळेवर येतात. स्मार्ट घड्याळांचंही तसंच. हात हलला की ती आपोआप उजळतात, म्हणजे टाळी वाजवली तरी. त्यात स्क्रीन बंद ठेवायची सोय असते, पण ती वापरा असं कुणी सांगतच नाही. फोटोंचं म्हणाल तर प्रयोगानंतर सगळे कलाकार नमस्काराला उभे असताना हवे तेवढे काढू द्यावेत. अनेक निर्माते देतातही.

माझी मुख्य विनंती मात्र घोषणेबद्दल आहे, आणि तिला एक रुपयाही खर्च नाही. ‘मोबाईल सायलेंटवर ठेवा किंवा स्विच ऑफ करा’ यातला ‘सायलेंट’ हा शब्दच काढून टाकावा. त्याऐवजी असं काही म्हणता येईल : ‘रसिकहो, या नाटकात काळोखाचंही काम आहे. आपला फोन बंद करून खिशात किंवा पर्समध्ये ठेवा. घड्याळाची स्क्रीन बंद करा. तातडीचा फोन येणार असेल तर दाराजवळ बसा आणि बाहेर जाऊनच तो उघडा.’ हे टेपवर न वाजवता नाटकातल्याच एखाद्या नटाने पडद्याबाहेर येऊन सांगितलं तर लोक नक्की ऐकतील. ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी होणाऱ्या प्रयोगांपासून निर्मात्यांनी आणि नाट्यगृहांच्या व्यवस्थापकांनी सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं. मी सांगितलेल्यापेक्षा चांगले शब्द त्यांच्याकडे असतील, आमच्याकडे लेखकांची वानवा नाही.

ते पुढच्या रांगेतले गृहस्थ हे पत्र वाचत असतील तर त्यांना सांगायचं आहे की माझा राग नाही. त्याच नाटकाचा पुढच्या महिन्यात पुन्हा प्रयोग आहे. मी तिकीट काढलं आहे. त्या आईच्या हातांचं शेवटी काय होतं, ते मला बघायचं आहे.

आपली,
एक नाट्यरसिक, पुणे