‘चालू करू नका’ लिहिणाऱ्या दादांना

रावपुऱ्यातल्या दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं आणि तुमच्या कॉम्प्युटरच्या दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण आपल्या मंडळाच्या त्रैमासिकाचे 12 वर्षांचे अंक कोणामुळे वाचले, हे वडोदऱ्यातल्या मराठी घरांना कळायलाच हवं.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी 35 फुटांच्या वर गेलं. तळमजल्यावरच्या कार्यालयातला कॉम्प्युटर दोन दिवस पाण्याखाली होता. त्यातली हार्ड डिस्क तुमच्याकडे येण्याआधी दोन दुकानं फिरून आली होती. एकाने सांगितलं, उन्हात वाळवा, मग तांदळाच्या डब्यात ठेवा. दुसऱ्याने तर हातात केबल घेतलीच होती, “लावून बघू, चालली तर चालली.”

तुम्ही ती पुसलीसुद्धा नाहीत. कागदी चिकटपट्टीचा तुकडा फाडलात, डिस्कला वीज जाते त्या खाचेवर आडवा लावलात आणि निळ्या पेनाने लिहिलंत, “आत पाणी आहे. चालू करू नका.” त्याच्याच खाली तेच गुजरातीत. हे सगळं पत्र त्या चार बोटं पट्टीसाठी आहे.

तिची किंमत सगळ्यांना समजावी म्हणून थोडं सविस्तर लिहितो. साध्या हार्ड डिस्कवर एक बारीकसं भोक असतं आणि शेजारी ‘हे झाकू नका’ असं छापलेलं असतं. आतल्या नि बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेलं असतं. त्याच्या आतली गाळणी धूळ अडवते, पाणी अडवत नाही. पुराचं पाणी तिथूनच गाळ घेऊन शिरतं. आतली तबकडी मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. त्या फटीत गाळाचा कण म्हणजे धोंडाच. अशा वेळी वीज दिली की हेड तबकडीवरचा चुंबकीय थर खरवडून काढतं, आणि खरवडला गेलेला भाग कुठलीच लॅब परत आणू शकत नाही. वाळवणंही तितकंच वाईट, कारण पाणी उडून जातं, क्षार आणि गाळ तबकडीला घट्ट चिकटून बसतात. म्हणून तुम्ही डिस्क ओलसर कापडात, हवाबंद पिशवीत, भोवती फोम घालून क्लीन रूम, म्हणजे धूळ नसलेली खोली, असलेल्या लॅबकडे पाठवलीत.

वाटेत ती किती हातांतून जाणार होती! तुमच्याकडचा मुलगा, कुरिअरवाला, लॅबच्या काउंटरवरचा माणूस. डिस्क हातात आली की ती जोडून बघायचा मोह प्रत्येकाला होतो. तुम्ही पट्टी खाचेवरच लावलीत, म्हणजे ज्याला केबल जोडायची त्याला आधी तुमचं अक्षर सोलून काढावं लागेल.

दुसऱ्या बाजूला, दरवर्षी देखभालीचे पैसे घेऊन “बॅकअप चालू आहे” असं सांगणारा माणूस होता. बॅकअप जात होता डी ड्राइव्हवर. सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग, एकाच घरातल्या दोन खोल्या. पाणी आलं ते दोन्हीत. इतक्या वर्षांत त्या कॉपीतली एक फाइल उघडून बघण्याचे कष्ट त्याने घेतले नाहीत, याचा राग अजून गेलेला नाही.

लॅबमधून बहुतेक फाइली परत आल्या. काहींची नावं गेली, नुसते आकडे उरले. फोल्डरांची नोंदच खराब झाली की असं होतं. खरा धक्का पुढे होता. जुने अंक पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपीच्या फॉन्टांत टाइप केलेले. नव्या कॉम्प्युटरवर उघडले तर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. कोणी काही बोलायच्या आत तुम्ही विचारलंत, “फॉन्ट कुठे आहेत?” युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, येण्याआधीच्या मराठी फॉन्टांत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेलाच नसतो, फॉन्ट नसला तर मजकूर असूनही वाचता येत नाही. ज्यांच्याकडे असं जुनं लेखन आहे त्यांनी फाइलींबरोबर फॉन्टचीही कॉपी ठेवावी आणि फॉन्ट आत घातलेली पीडीएफ करावी. तुम्ही 12 वर्षांच्या सगळ्या अंकांची तशी पीडीएफ करून घेतलीत.

आता मंडळाकडे 2 टीबीच्या दोन बाहेरच्या डिस्क आहेत. एक कपाटात, दुसरी मांजलपूरला एका सभासदाच्या घरी तिसऱ्या मजल्यावर. महिन्याच्या पहिल्या रविवारी अदलाबदल. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी, हा पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम. तिसऱ्या मजल्याची भर तुमची. कॉपी झाली की डिस्क काढून ठेवायची हेही तुम्हीच शिकवलंत, कारण रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही लॉक करतं. ‘मिरर’, म्हणजे मूळ फोल्डरासारखीच हुबेहूब राहणाऱ्या कॉपीला तुम्ही ठाम नकार दिलात, मूळ फाइल चुकून पुसली की पुढच्या कॉपीत तीही पुसली जाते म्हणून. गूगल ड्राइव्हच्या सिंकचंही तेच, कचरापेटीत 30 दिवस, मग संपलं. म्हणून विंडोजमधली ‘फाइल हिस्टरी’ लावलीत, जुन्या आवृत्त्या राहतात. कपाटातल्या डिस्कसाठी महागडी एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) विकण्याऐवजी तुम्ही साधी हार्ड डिस्क दिलीत, कारण विजेशिवाय खूप काळ पडून राहिली तर एसएसडीतला विद्युतभार ओसरून माहिती जाऊ शकते. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममधली ‘सी5’ची (वाचताना अडलेल्या जागांची) ओळ शून्यावरून हलली की नवी डिस्क घ्या, हे तुम्ही कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून दिलंय.

आणि पैसे घेण्याआधी मंडळाचा कॉम्प्युटर बंद करून, आपल्या लॅपटॉपवर, कॉपीतल्या आम्ही म्हणू त्या पाच फाइली उघडून दाखवल्यात. एक दिवाळी अंक, सभासदांची यादी, हिशेबाचं एक पान, दोन फोटो. आता दर तीन महिन्यांनी तशाच पाच फाइली उघडून बघतो.

जुनी डिस्क लॅबने पट्टीसकट परत पाठवली. एका कोपऱ्यात शाई पसरली आहे, अक्षर वाचता येतं. यंदाच्या दिवाळी अंकाची पहिली प्रत तुमच्या दुकानात घेऊन येतोय. दुपारचे बंद असता, म्हणून संध्याकाळी येऊ.

आपले कृतज्ञ,
मंडळाच्या कार्यालयातले आम्ही सगळे