म्हातारीचं दुखणं सापडलं

रविवार, रात्री उशिरा

प्रिय बंड्या,

सापडलं एकदाचं! चार महिने जिच्यापायी झोप उडाली होती ती माझ्या म्हाताऱ्या गाडीची भानगड बोटभर लांबीच्या एका वायरमध्ये निघाली. तुझं ‘पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा तो कार्ब्युरेटर भंगारात दे’ हे निदान साफ चुकलं, तेवढं आधी कबूल कर आणि मगच पुढं वाच.

म्हातारी कशी बंद पडायची ते तुला ठाऊक आहे. गचके नाहीत, मिसिंग नाही. चालता चालता कुणी चावी फिरवावी तसं इंजिन गप्प. बाजूला घेऊन सेल्फ मारला की पहिल्या झटक्यात चालू, जणू काही झालंच नाही. मिस्त्रीकडे नेली की तासभर आयडलिंगला घुरघुरत उभी राहायची. तो माझ्याकडे बघणार, मी त्याच्याकडे. या काळात प्लग बदलले, प्लगच्या ठिणगीला करंट पुरवणारी कॉइल बदलली, पेट्रोल पंप बदलला, कार्ब्युरेटर दोनदा उघडून धुतला. प्रत्येक दुरुस्तीनंतर मी तिला मुद्दाम खडकाळ चढावर नेऊन पिदडायचो, फोर बाय फोर टाकून, लो गिअरमध्ये. तिथं ती एकदाही बंद पडली नाही. मग मी खुशीत परतायचो आणि उतरून सपाट रस्त्याला लागलो की दहा मिनिटांत पुन्हा तेच.

हे ‘चढावर नाही, सपाटीवर’ माझ्या डोक्यात खूप उशिरा शिरलं. शेवटी डॅशबोर्डवर एक वही ठेवली आणि दर वेळी लिहायला लागलो: कुठला गिअर, किती स्पीड, पाय कुठं होता, चालू व्हायला किती वेळ लागला. अकरा नोंदी झाल्या. सगळ्यांत टॉप गिअर, ताशी ४५-५०, अॅक्सिलरेटर जेमतेम दाबलेला. अकराही वेळा लगेच चालू.

नुसत्या या वहीवरून अर्धे संशयित सुटले बघ. कॉइल गरम होऊन मरत असती तर थंड होईपर्यंत जिवंत झाली नसती. पेट्रोलची वाफ पाइपात अडकली असती तरी तसंच. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असतं तर झाकण उघडताना सुस्स आवाज आला असता आणि गाडी धापा टाकत मेली असती. तू आडव्या उतारावर कार्ब्युरेटरमधला तरंगता फ्लोट कलतो म्हणायचास, ते खरंच आहे, पण ही सपाटीवर मरत होती! चढावर इंजिन सर्वांत जास्त पेट्रोल ओढतं. पुरवठा कमी पडत असता तर आधी तिथंच गुडघे टेकले असते.

तरी खात्री हवी होती. कॉइलच्या प्लस टोकाला वायर जोडून १२ व्होल्टचा एक बल्ब आत डॅशबोर्डपर्यंत आणला. गाडी मेली, बल्ब जळतच होता. म्हणजे इग्निशन स्विच आणि तिथपर्यंतची वायरिंग निर्दोष. मग प्लगला करंट गेला की चमकणारी तुझी टायमिंग गन काढली (हो, ती अजून माझ्याकडेच आहे). क्लॅम्प एका प्लगच्या वायरला लावला, गन खिडकीतून आत घेतली आणि भाच्याला शेजारी बसवून सांगितलं, फक्त चमक बघत बस. पंधरा मिनिटांनी तो ओरडला, “मामा, दिवा गेला!” त्याच क्षणी इंजिन गेलं. मी क्लच दाबला नव्हता, गाडी गिअरमध्येच होती, चाकं इंजिनला फिरवत होती आणि ठिणगी मात्र नाही. पेट्रोलची बाजू त्या क्षणी सुटली. तुझा कार्ब्युरेटरही.

पण खरी गंमत पुढं आहे. गोंधळून मी अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि सायलेन्सरमधून धाडकन बार! इंजिन पुन्हा चालू. आजवर गाडी मेली की सवयीनं क्लच दाबायचो, त्यामुळे इंजिन फिरायचंच थांबायचं आणि हे कधी दिसलंच नव्हतं. पाय उचलल्यावर करंट परत येतो, याचा अर्थ काय? भाचा बार ऐकून हसत होता, मी स्टिअरिंग धरून तसाच बसलो.

पाय थोडा दाबला की डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्लगांना पाळीपाळीनं करंट वाटणारा डबा) एकच गोष्ट हलते, व्हॅक्यूमची प्लेट. कार्ब्युरेटरच्या बटरफ्लायला (पायानं उघडणारी झडप) लागून एक बारीक भोक असतं. आयडलिंगला ते बंद बाजूला राहतं, व्हॅक्यूम नाही. थोडी रेस दिली की ते उघडं पडतं आणि भरपूर व्हॅक्यूम मिळतो. त्यानं डायफ्रामचा पातळ पडदा ओढला जातो, पॉइंटची (कॉइलचा करंट तोडून ठिणगी पाडणारा स्विच) प्लेट फिरते, ठिणगी थोडी आधी पडते. चढावर पूर्ण रेस दिली की व्हॅक्यूमच उरत नाही, प्लेट जागेवर. वही समोर ठेवून वाच म्हणजे चित्र तंतोतंत जुळेल.

घरी येऊन डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटर काढला. बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत आत एक लहानशी वायर जाते, प्लेटबरोबर तिलाही हलावं लागतं. बघायला अगदी धडधाकट, कुठं चीर नाही की काळपटपणा नाही. मल्टिमीटर बीपवर ठेवला (वायर सलग असली की वाजतो), एक टोक टर्मिनलला, दुसरं पॉइंटच्या पत्तीला. बीप चालू. मग व्हॅक्यूमची नळी कार्ब्युरेटरकडून काढली आणि सरळ तोंडात धरून हवा ओढली. काय ती रबराची चव! प्लेट किंचित सरकली आणि बीप बंद. सोडली, बीप चालू. ओढली, बंद. खात्री पटूनही मी पाच-सहा वेळा तेच करत राहिलो, लहान पोरासारखा.

वायर काढून दोन बोटांत ताणली तर इलॅस्टिकसारखी लांबली. आत तांबं तुटलेलं, वरचं रबर तेवढं शाबूत. टोकं एकमेकांना टेकलेली असली की करंट जातो, ताण पडला की सुटतात. इतकी वर्षं पायाच्या प्रत्येक हालचालीला ती वाकत आली, तुटणारच. मिस्त्रीलाही दोष देववत नाही. उभ्या गाडीत आयडलिंगला ही वायर हलतच नाही, त्याला बिचाऱ्याला दिसणार काय?

आता तुझ्या गाडीचं. तू लिहिलंस की तुझी अर्ध्या तासानं मरते आणि वीस मिनिटं चालू होत नाही. हे दुखणं वेगळं आहे, माझी वायर तिथं शोधू नकोस. ती मेलेली असतानाच एक प्लग काढून वायरला लाव, इंजिनच्या धातूला टेकव, पेट्रोलपासून लांब, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांग. ठिणगी नसेल किंवा पिवळी, मरतुकडी असेल तर कॉइल आणि कंडेन्सरवर (पॉइंटला जोडलेली डबी) संशय घे. कडक निळी असेल तर पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाक आणि फडक्यानं लगेच चालू झाली तर वाफेचाच प्रकार. आणि थंड झाल्यावर तपासलंस तर काहीही सापडणार नाही, म्हणून ती वीस मिनिटं झाडाखाली बसून घालवू नकोस.

मी अजून नवी वायर बसवलेली नाही. साधी वायर तिथं चालत नाही, ती कडक पडते आणि प्लेटला अडवते. बारीक तारांची, मऊ आवरणाची हवी, ती मागवली आहे. तोवर व्हॅक्यूमची नळी काढून तिच्या तोंडात एक बोल्ट ठोकला आहे. पेट्रोल थोडं जास्त पिते, पण आज सपाटीवर दोन तास चालवली, एकदाही मेली नाही. भाचा मात्र नाराज आहे, त्याला आणखी एक बार हवा होता.

गन पुढच्या भेटीत आणतो. तू वही घेऊन ये.

तुझा,
अण्णा