गाठ बांधा, पण बोटं तपासत राहा

संपादक महोदय,

तेंदूपत्त्याचा हंगाम आला की रामटेक, पारशिवनी, उमरेडकडची माणसं पहाटेच जंगलात शिरतात. नाल्यात पाय घसरून कुणाचं मनगट मोडतं, कुणाची नडगी. अशा वेळी सोबतच्यांच्या हातून दोन चुका होतात: वाकडा हात ओढून सरळ करणं आणि दोरीने करकचून बांधणं. सूज पुढे कित्येक तास वाढत राहते. सकाळी ठीक वाटलेली गाठ दुपारी रक्त अडवते आणि साध्या मोडीचा हात गमावण्याची वेळ येते.

म्हणून आधी बांगड्या, कडं, अंगठी, जोडवी उतरवा. नंतर ती निघत नाहीत. हाताला आधार द्यायला तुमच्याच वर्तमानपत्राचा जाड अंक पुरतो. सपाट ठेवला तर लवतो, पन्हाळीसारखा वाकवला की ताठ राहतो. आत मऊ कापड घालून तो कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत बसवा, तळहातात कापडाचा बोळा द्या. गमछाच्या रुंद पट्ट्या मोडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना बांधा, नेमक्या तिच्यावर नको. मग गळ्यातून झोळी, पंजा कोपराहून किंचित वर. मोडीच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे हलता कामा नयेत, हे सगळ्यात महत्त्वाचं. नडगीला बांबूच्या दोन काठ्या मांडीच्या मध्यापासून टाचेपलीकडे जाव्यात, गुडघ्याच्या आणि घोट्याच्या हाडांशी कापड हवंच. काठी नसेल तर दुसरा पाय हाच आधार. दोन्ही पायांमध्ये कापडाच्या घड्या घालून गाठी चांगल्या पायाच्या बाजूला मारा.

आता खरं काम. नख दाबून सोडा: पांढरं पडलेलं नख साधारण 2 सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. दुसऱ्या हाताच्या नखाशी ताडून पाहा. बोटं गार, निळसर, बधिर वाटली किंवा मुंग्या आल्या की पट्ट्या लगेच सैल करा, आधार मात्र काढू नका. दर 15 मिनिटांनी हेच पुन्हा.

हाड बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका. हळद, चुना काही नको, स्वच्छ ओलं कापड झाकून ठेवा. सापाने चावलेल्या पायालाही हलू देऊ नये, पण तिथे आवळपट्टी बांधायची नाही.

वनविभागाला विनंती, हंगामापूर्वी प्रत्येक संकलन केंद्रावर अर्धा तास हे गमछा आणि बांबू घेऊन करून दाखवावं. सोबत 108 क्रमांक आणि मोबाइलला रेंज मिळणारी जवळची उंच जागाही सांगावी.

— एक प्रथमोपचार प्रशिक्षक, नागपूर