भाकरीलाही पदवी हवी
खाद्यसंस्कृतीची पदवी म्हणजे श्रीमंती हौस, असे म्हणणारा रविवारच्या पुरवणीतील लेख पटला नाही. इटलीत पोलेन्झोला २००४ पासून याच विषयाचे स्वतंत्र विद्यापीठ आहे (सोलापूर विद्यापीठही त्याच वर्षीचे!). तिथे नुसता स्वयंपाक नव्हे, अन्नाचा इतिहास, शेती, अर्थकारणही शिकवतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या ज्वारीच्या भाकरीचे ज्ञान मात्र अजून बायकांच्या हातातच आहे. भाकरी पुरती कडक झाली की नाही, हे माझी आई बोटाने टिचकी मारून आवाजावरून सांगायची. शेंगाचटणी उखळात तेल सुटेपर्यंत कुटायची, मिक्सरला हात लावू द्यायची नाही. का, ते आम्ही कधी विचारलेच नाही. आपल्या विद्यापीठाने निदान एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करावा, आणि शिकवायला या बायकांनाच बोलवावे, मानधन देऊन.
– एक वाचक, जुळे सोलापूर