आधी मोठ्यांचा टीव्ही मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लहान मुलांचे टीव्ही पाहणे कसे कमी करावे यावर लेख आला होता. सल्ला चांगलाच होता, पण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तो आईसाठी होता. आईने वेळ ठरवावी, आईने रिमोट लपवावा, आईने मुलाला चित्रे काढायला बसवावे. मी नागपुरात बरीच वर्षे बालवाडी चालवली, त्या निमित्ताने पुष्कळ घरांत जाणे-येणे झाले. रिमोट सुनेच्या ताब्यात आहे असे घर मला क्वचितच दिसले. तो आजोबांच्या उशाशी असतो, संध्याकाळी सात वाजले की सासूबाईंकडे जातो आणि क्रिकेट असले की मुलाच्या बाबांकडे. बिचारी आई लपवणार काय?

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दोन वर्षांपर्यंत टीव्ही-मोबाइल नकोच, पुढे पाच वर्षांचे होईपर्यंत दिवसाला फार तर एक तास, आणि त्याहून कमी तर अधिक चांगले, असे त्या सांगतात. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, जवळपास हेच म्हणते. दोन वर्षांखालच्या मुलाला परगावच्या नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल, एवढीच काय ती सूट. हे आकडे आता बहुतेक पालकांना तोंडपाठ आहेत. पण तास मोजताना मुलाचे कार्टून तेवढे धरतात. ‘आमचा तर अर्धाच तास पाहतो हो’ असे सांगणाऱ्या घरात सकाळच्या आरतीपासून रात्रीच्या शेवटच्या मालिकेपर्यंत टीव्ही चालू असतो आणि बाळ त्याच खोलीत रांगत असते. तो वेळ कोणाच्याच हिशेबात नाही.

खरी गोम इथेच आहे. अमेरिकेत २००८ साली एक, दोन आणि तीन वर्षांच्या मुलांना खेळणी देऊन बसवले आणि बाजूला मोठ्यांचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम लावून ठेवला. मुलांनी पडद्याकडे फारसे पाहिले नाही. तरी त्यांचा खेळ तुटक झाला, एका खेळण्यात ती कमी वेळ रमली. पुढच्याच वर्षी आणखी एक अभ्यास आला. त्यात मुलांच्या अंगावर छोटे रेकॉर्डर लावून घरातले दिवसभराचे आवाज टिपले होते. टीव्ही ऐकू येत असलेल्या दर तासामागे मोठ्या माणसांकडून मुलाच्या कानावर येणारे शब्द सुमारे ७७० ने कमी भरले. मूलही कमी बोलले आणि दोघांमधला ‘तू एक बोल, मी एक बोलतो’ हा व्यवहारही घटला. अशा अभ्यासांतून संबंध दिसतो, कारण पक्के होत नाही, हे मान्य. पण टीव्ही चालू असताना आपण स्वतः किती बोलतो, ते घरी एक दिवस पाहावे. त्याला संशोधक लागत नाही.

आपल्या नागपुरात तर त्यात कूलरची भर. एप्रिलच्या मध्यापासून लोखंडी कूलर खिडकीत बसतो आणि पावसाची पहिली सर येईपर्यंत घरघरत राहतो. त्याच्या वर ऐकू यावे म्हणून टीव्हीचा आवाज वाढवायचा, आणि टीव्हीच्या वर ऐकू जावे म्हणून माणसांनी ओरडायचे. दिवसभर ओरडायला कोणाला जमते? म्हणून मग कोणी बोलतच नाही. ‘खा’, ‘बस’, ‘नको’ एवढ्या तीन शब्दांवर दुपार निघते. बाळ ‘बाबाबा’ करते ते कूलरमध्ये विरून जाते. त्याला ‘काय रे, कोण आलं?’ असे उलट उत्तर मिळायला हवे असते. भाषा अशीच येते, बाळाच्या आवाजाला कोणीतरी जबाब दिल्याने. पडदा कितीही रंगीत असला तरी तो जबाब देत नाही.

इंग्रजी यावे म्हणून बाळगाणी लावून देणाऱ्या पालकांना मी मुद्दाम एक प्रयोग सांगत असते. पॅट्रिशिया कूल या संशोधिकेने २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. काहींसमोर चिनी बोलणारे माणूस बसून खेळत-वाचत होते. काहींना तेच बोलणे, तेवढाच वेळ, टीव्हीवर दाखवले. माणसाजवळ बसलेल्या बाळांना चिनी ध्वनींमधला फरक ओळखता यायला लागला. टीव्हीवाली बाळे जिथल्या तिथे. तेव्हा आजीची मराठी, शेजारच्या काकूंची हिंदी आणि खाली आलेल्या भाजीवाल्याची आरोळी यांतून मूल जे उचलते, ते इंग्रजी गाण्यांच्या अखंड माळेतून उचलणार नाही.

माझ्या बालवाडीतल्या शेवटच्या काही वर्षांत एक प्रकार वाढलेला दिसला. तीन वर्षांचे पोरगे रंगांची इंग्रजी नावे, जाहिरातीचे तुणतुणे, आकडे सगळे खडाखडा म्हणते. आई कौतुकाने म्हणवूनही घेते. मात्र तहान लागली की ‘बाई, पाणी’ म्हणत नाही. माझ्या मनगटाला धरून माठापाशी ओढत नेते आणि माझाच हात ओगराळ्यावर ठेवते. असे मूल दिसले की टीव्ही बंद करून वाट पाहत बसू नये, हेही इथेच सांगते. त्यामागे ऐकू कमी येणे असू शकते, दुसरेही कारण असू शकते. कान तपासावेत, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, तिथे विचारावे. सगळे खापर टीव्हीवर फोडून मोकळे होणेही बरे नाही.

झोपेचे काय? तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून १० ते १३ तास झोप हवी. मुले उशिरा झोपतात अशी ओरड झाली, राज्यपालांनी विषय काढला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. निर्णय स्वागतार्ह आहे. पण शाळेने घड्याळ पुढे ढकलले तर कित्येक घरांनी रात्रही तेवढीच पुढे ढकलली. एका खोलीचे घर, साडेदहाची मालिका, तिथेच अंथरूण. मुलाने कुठे झोपावे?

मी टीव्हीची वैरी नाही. चार घरची धुणीभांडी करून आलेल्या बाईने स्वयंपाक होईपर्यंत तीन वर्षांच्या मुलीला अर्धा तास टीव्ही लावून दिला तर आभाळ कोसळत नाही. तिला कोणी दोष देऊ नये. त्या वयासाठी बनवलेला, संथ लयीचा कार्यक्रम असावा आणि एक संपला की दुसरा आपोआप सुरू होणारी सोय बंद करून ठेवावी, एवढे पुरे. माझा राग जेवताना टीव्ही लावण्यावर आहे. डोळे पडद्यावर, तोंडाचा आ, त्यात वरणभाताचा घास. जाहिरात लागली की तोंड मिटते, कार्यक्रम आला की उघडते. पोट भरले की नाही हे त्या पोराला कळणार तरी कसे?

आता उन्हाळ्याचा प्रश्न. पारा ४५च्या पुढे गेल्यावर ‘मुलांना बाहेर खेळायला पाठवा’ हा सल्ला पुण्या-मुंबईहून लिहिणे सोपे आहे. आपल्याकडे सकाळी अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत लेकरू दाराबाहेर काढता येत नाही. ट्रॅफिक पार्क, महाराजबाग, फुटाळा, सगळे संध्याकाळचे. मधल्या सात तासांत पत्र्याच्या छताखालच्या घरात टीव्हीशिवाय दुसरे आहे काय? म्हणून माझी सूचना महापालिकेला आहे. वस्त्यांमधली समाजभवने लग्नाचा दिवस सोडला तर दुपारी कुलूपबंद असतात. सुट्टीत शाळांचे वर्गही रिकामे असतात. मे महिन्यात ते दुपारी उघडावेत, कूलर आणि पिण्याचे पाणी ठेवावे, सतरंज्या अंथराव्यात. सहा वर्षांखालची मुले आणि सोबत घरातले एक मोठे माणूस, असा नियम करावा. तान्ह्या पोळ्याला सजवून मग वर्षभर माळ्यावर पडून राहणारे लाकडी बैल तिथे खेळायला आणावेत. आज्यांना भुलाबाईची गाणी येतात, ती म्हणावीत. मोठा खर्च नाही.

आणि संपादक महोदय, पुढचा लेख आजोबांसाठी छापा. पेपर तेच सर्वांत आधी वाचतात.

मानेवाडा भागात अशी जागा उघडली तर दुपारी दोन तास यायची माझी तयारी आहे. चित्रांची पुस्तके माझ्याकडे ट्रंकभर आहेत. कूलरचे तेवढे कोणीतरी बघावे.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका,
मानेवाडा, नागपूर